खेकडा घ्यावा कुठला, करावा कसा?

मृगाच्या चार सरी पडून ओढे वाहते झाले, की देहूरोडच्या पुढे कामशेत-लोणावळ्याकडे जुन्या मुंबई रस्त्याच्या कडेला पाट्या घेतलेल्या बायका दिसू लागतात. पाटीत दोरीने जखडलेले काळे खेकडे, वर ओलं गोणपाट. मावळात वाढलेल्या बाईला त्यांची ओळख करून द्यायला नको. पण देहूरोडची वस्ती पडली अठरापगड. छावणी, दारूगोळ्याचा डेपो, शेजारी पिंपरी-चिंचवडचे कारखाने. नोकरीपायी कुठून कुठून आलेली घरं. समुद्रातल्या चिंबोरीवर वाढलेली मालवणची सून ओढ्यातल्या खेकड्याकडे संशयाने बघते, आणि जिने कधी खेकडा हातातच धरला नाही ती तर पाटीपासून दोन हात लांब उभी राहते. म्हणून हा लेख, दोघींसाठीही.

आधी तो येतो कुठून ते पाहू. उन्हाळाभर हा प्राणी ओढ्याकाठी, बांधात, दगडाखाली खोल बिळात दडून असतो. पावसाचं पाणी बिळात शिरलं, की बाहेर पडतो, आणि तेही रात्री. तेव्हाच धरणारे निघतात. कातकरी आणि ठाकर मंडळी यात वाकबगार. डोळ्यांवर उजेड आला की खेकडा क्षणभर थबकतो. तेवढ्यात मागून, पाठीच्या दोन्ही कडांना बोटं लावून उचलायचा, म्हणजे नांगी हातापर्यंत पोचत नाही. दिवसा बिळातून काढायचा तर वाकड्या टोकाची तार लागते, आणि बिळात खेकडा आहे की साप, हे ओळखण्याची नजरही. त्या पाटीमागे अशी एक अख्खी रात्र असते, बरं का. तेव्हा भाव करताना जरा बेताने.

बांध पोखरतो म्हणून शेतकरी त्याच्यावर खार खाऊन असतो. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटून माणसं वाहून गेली, तेव्हा त्या वेळच्या एका मंत्र्यांनी चक्क खेकड्यांवर खापर फोडलं होतं! असो.

हल्ली मात्र हौस म्हणून घरची पुरुषमंडळी आणि मुलं बॅटऱ्या घेऊन रात्री ओढ्यावर जायला निघतात. इथे तुम्ही ठाम राहा. घाटावर पाऊस पडला की खालच्या ओढ्याचं पाणी बघता बघता चढतं. तुमच्या डोक्यावर थेंब नसला तरी चढतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ती भर दिवसा. १५ जून २०२५ ला आपल्या जवळच्याच कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळून चार जण गेले. अंधारात, शेवाळलेल्या दगडावरून, पाण्याची माहिती नसताना खेकड्यामागे जाण्यात काही शौर्य नाही. विकत घ्या.

घेताना काय बघायचं? जिवंत हवा, हे पहिलं. मेलेल्या खेकड्याचं मांस फार लवकर बिघडतं. पाटीत एखादा निपचित पडला असेल तर पाय ओढून पाहा. हालचाल नसेल तर फुकट दिला तरी घेऊ नका. दुसरं, आकारापेक्षा वजन. नुकतीच कात टाकलेला खेकडा दिसायला मोठा, पण हाताला हलका आणि आत पाणीच पाणी. लहान पण जड असेल तो उचला.

आणि तिसरं, जे सहसा कुणी बघत नाही. खेकडा उलटा करा. पोटावर दुमडलेली एक झडप दिसेल. अरुंद, टोकदार असेल तर नर; रुंद, गोलसर, पोट झाकणारी असेल तर मादी. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्लं समुद्रातल्यासारखी अळीच्या रूपात पाण्यावर सोडलेली नसतात. अंड्यातून थेट इवलेसे खेकडेच बाहेर येतात आणि काही दिवस आईच्या त्या झडपेखालीच राहतात. झडप किंचित उचलली की वाटाण्याहून लहान पिल्लांची गर्दी दिसते. पहिल्या पावसात अशा माद्या खूप सापडतात, आणि काही घरांत त्या चवीच्या म्हणून मुद्दाम मागून घेतात. मला हे पटत नाही. एक मादी गेली की पुढच्या सालचा अख्खा ओढा गेला. पाटीवाल्या बाईला तुमचं गिऱ्हाईक नेहमीचं असेल तर सरळ सांगून ठेवा, "पिल्लांची मला नको, तिथल्या तिथे सोडून देत जा." गिऱ्हाइकाने मागणं थांबवलं, की धरणाराही थांबतो, त्याला तरी पाटीत ओझं कशाला हवं?

याच ओघात एक सांगते. कधी कधी मासे-खेकड्यांच्या जाळ्यात कासव येतं, आणि "ताकदीला चांगलं" म्हणून कुणी तरी ते गुपचूप दारावर आणतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या नद्यांतली कासवं संरक्षित आहेत. धरणं, विकणं, खाणं, हौदात पाळणं, सगळाच गुन्हा. तुरुंगवास होऊ शकतो, आणि घेणारीही त्यातून सुटत नाही. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: खेकडा कुठल्या पाण्यातला? देहूरोडच्या एका अंगाला पवना, दुसऱ्या अंगाला इंद्रायणी. दोन्ही लोणावळ्याच्या डोंगरांतून येतात. पण वरची नदी आणि खालची नदी एक नव्हे. वाटेत सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी मिसळत जातं. आळंदीला इंद्रायणीवर साचणारा पांढरा फेस तर अलीकडे वर्षानुवर्षं वारकऱ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. खेकडा हा तळाशी राहून मेलेलं, कुजलेलं खाणारा प्राणी. पाण्यातले शिसं-पारा यांसारखे धातू त्याच्या अंगात साठतात, आणि जास्त करून साठतात ते पाठीच्या कवचाखालच्या पिवळ्या-तपकिरी गरात, जो आपण चवीने बोटाने चाटतो!

अमेरिकेत स्नॅपिंग टर्टल नावाचं एक मोठं, चावरं कासव आहे. तळ्यातून धरून त्याचं सूप करायची तिकडच्या खेड्यापाड्यांत जुनी चाल. तेही आपल्या खेकड्यासारखंच गाळात राहणारं, मिळेल ते खाणारं. न्यू यॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याने मूल होण्याच्या वयातल्या बायकांना आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते खाऊ नका असाच सल्ला दिलेला आहे, कारण कारखान्यांतलं विष त्याच्या चरबीत आणि काळजात साठून राहतं. इतर कुणी खाल्लंच तर चरबी, काळीज आणि अंडी काढून टाकावीत.

तोच हिशोब आपण लावायचा. आंदर मावळ, नाणे मावळ, पवना धरणाच्या वरचे ओढे इथला खेकडा घ्या. शहराजवळच्या नाल्यातला, पुलाखालचा नको, कितीही स्वस्त असो. "कुठून आणले गं?" एवढं विचारायला काय जातं? आणि पाणी खात्रीचं नसेल तर पिवळा गर सरळ टाकून द्या. गरोदर बाईला आणि लहान मुलांना तो मुळीच नको.

घरी आणल्यावर पाण्याने काठोकाठ भरलेल्या बादलीत कोंबू नका, गुदमरून मरतात. ओल्या गोणपाटात, हवा लागेल असे ठेवा. करण्याआधी अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवले की सुन्न होतात. त्यांना त्रास कमी, तुमच्या बोटांनाही. मग ब्रशने माती घासायची, पोटाची झडप काढायची, कवच उचकटायचं, दोन्ही बाजूंचे करडे, पिसांसारखे कल्ले आणि डोळ्यांमागची छोटी पिशवी टाकून द्यायची. तीन-चार पाण्यांनी धुवा.

रस्सा मावळी पद्धतीने. सहा-सात खेकड्यांना दोन कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं खरपूस भाजून, दहा-बारा लसूण पाकळ्या, आलं, कोथिंबीर घालून बारीक वाटण. बारीक पाय पाट्यावर ठेचून, पाणी घालून फडक्यातून गाळून घ्यायचे. खरी चव त्या पाण्यात. तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परतून हळद, कांदा-लसूण मसाला, मग नांग्या आणि धडं. वरून ते गाळलेलं पाणी ओतताना हात थांबवू नका, नाहीतर फाटल्यासारखं दिसतं. दाटपणाला भाजलेल्या डाळीचं पीठ चमचाभर. उकळी फुटल्यावर पुरी वीस मिनिटं शिजू द्या. सोबत भाकरी, नाहीतर इंद्रायणीचा मऊ भात. हे वाणही आपल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचंच, १९८७ सालचं.

वीस मिनिटांचा आग्रह उगाच नाही. गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या मांसात एका चपट्या कृमीची पिल्लं असू शकतात. कच्चं किंवा अर्धकच्चं पोटात गेलं तर ती फुप्फुसात घर करतात. मणिपूर, नागालँड, अरुणाचलात असे रोगी सापडले आहेत; खोकल्यातून रक्त पडतं म्हणून क्षय समजून महिनोन्महिने त्याचीच औषधं घेतलेले. पूर्ण शिजलं की कृमी मरते. घोटाळा होतो तो पाट्याशी! पाय ठेचलेल्या पाट्यावर लगेच चटणी वाटली, त्याच सुरीने काकडी चिरली, की शिजवण्याचा उपयोग काय? पाटा, फडकं, सुरी, हात गरम पाण्याने आणि साबणाने आधी धुवा. खोकल्यावर उतारा म्हणून मुलाला कच्चा रस चमचाभर पाजण्याचा सल्ला कुणी दिला तर कानाआड करा. कोरियात एके काळी गोवरावर कच्चा रस देत, आणि त्यातूनच कित्येक मुलांना हा रोग जडला. सर्दीला उकळता रस्सा प्यावासा वाटला तर जरूर प्या. नाक तरी मोकळं होईल.

पहिल्यांदाच खाणाऱ्या मुलाला आधी थोडंसंच द्या. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, तर पुन्हा देऊ नका. धाप लागली तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठा.

उरलेला रस्सा निवल्याबरोबर फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी खळखळून उकळल्याशिवाय कुणाच्या ताटात नाही. कवचं गुलाबाच्या आळ्यात पुरायची असतील तर वीतभर खोल पुरा. वरवर टाकलीत तर मांजरं रात्रभर आळं उकरत बसतील आणि सकाळी गुलाबच मुळासकट बाहेर!