पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन : विजेच्या पायगाडीवर

उतारवयांत माणसानें काय करावें याविषयीं शास्त्रकारांनीं पुष्कळ लिहून ठेविलें आहे. परंतु पासष्टी गांठलेल्या शाळामास्तरानें परदेशांत एकट्यानें सायकलीवरून पांचशें किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा कीं करूं नये, याचा निर्णय कोणत्याहि स्मृतींत सांपडत नाहीं. तेव्हां तो आमच्या घरांतच व्हावयाचा होता, आणि तो आमच्याविरुद्ध झाला.

आमचे चिरंजीव अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें नोकरीस असतात. गेल्या वर्षीं एप्रिलपासून चार महिने आम्ही उभयतां त्यांच्याकडे होतों. तेथें नदीकांठानें सायकलींची एक वाट जाते. ही कोठवर जाते, असें एकदां सहज विचारतां ‘वॉशिंग्टनपर्यंत’ असें उत्तर मिळालें, आणि तेव्हांपासून आमच्या मनाला स्वस्थता उरली नाहीं. एकतीस वर्षें आम्हीं शाळा केली ती सायकलीवरूनच.

वास्तविक या दोन वाटा आहेत. पिट्सबर्गहून कंबरलंड गांवापर्यंतची सुमारें २४० किलोमीटरांची ‘ग्रेट ॲलेघेनी पॅसेज’ ही वाट मोडीत निघालेल्या रेल्वेमार्गांवर केलेली आहे. तिचा पहिला तुकडा १९८६ सालीं ओहायोपाइल येथें खुला झाला व शेवटचा २०१३ सालीं पुरा झाला. कंबरलंडपासून पुढें वॉशिंग्टनपर्यंतची २९७ किलोमीटरांची वाट चेसापीक-ओहायो कालव्याच्या कांठाची. पूर्वीं तिच्यावरून खेचरें चालत व दोरांनीं नावा ओढीत. या कालव्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. ४ जुलै १८२८ या एकाच दिवशीं अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडॅम्स यांनीं कालव्याची पहिली कुदळ मारली, आणि तिकडे बाल्टिमोर येथें आगगाडीच्या मार्गाचा पाया घातला गेला. आगगाडी कंबरलंडला १८४२ सालीं पोंचली. कालवा पोंचला १८५० सालीं! ओहायो नदी तर त्याला कधींच भेटली नाहीं, नांवांत मात्र राहिली. १९२४ च्या पुरांनंतर कालवा कायमचा बंद पडला. पुढें त्याच्या कांठानें मोटारींचा रस्ता नेण्याचें घाटत असतां, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति विल्यम डग्लस यांनीं १९५४ सालीं, त्या रस्त्याची भलामण करणाऱ्या संपादकांना आपल्याबरोबर पायीं चालण्याचें आव्हान दिलें, आणि स्वतः ती सबंध वाट चालून दाखविली. १९७१ सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान झालें. न्यायमूर्तींनीं पायांनीं दिलेला असा निकाल आमच्या ऐकिवांत दुसरा नाहीं.

घरच्या खटल्यांत आमचा उजवा गुडघा हा विरुद्ध पक्षाचा मुख्य साक्षीदार होता. चिरंजीवांनीं तोडगा काढला तो विजेच्या सायकलीचा. आम्हांला प्रथम तो रुचला नाहीं. पालखींत बसून वारी करण्यापैकीं हा प्रकार, अशी आमची समजूत. परंतु या वाटेवर ज्या जातीच्या सायकलीला मुभा आहे, तिची मोटार पाय चालत असतील तोंवरच साहाय्य करते. पाय थांबले कीं तीहि थांबते, आणि ताशीं २० मैलांचा वेग झाला कीं हात काढून घेते. चढावर कोणीं पाठीला हात लावावा, इतकेंच. एवढी मोठी बॅटरी प्रवासी विमानांतून नेऊं देत नाहींत. त्यामुळें असली सायकल तेथेंच भाड्यानें घेणें भाग होतें. बॅटरी ५०० वॅट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलांतील अर्ध्या युनिटाची. सायकलीचें वजन, सामानाखेरीज, २४ किलो.

तरीहि आमच्या कुटुंबाचें समाधान झालें नाहीं. “सांगायचें तेवढें सांगून झालें,” असें म्हणून तिनें दोन अटी घातल्या : अंधारांत चालावयाचें नाहीं, आणि रोज सायंकाळीं सात वाजतां फोन करावयाचा. सूनबाईंनीं दशम्या आणि गूळपापडी बांधून दिली, व मे महिन्यांत एका सकाळीं आम्ही निघालों.

पहिले तीन दिवस केवळ सुखाचे. यॉकागेनी नदी उजव्या-डाव्या हातास ठेवीत वाट दाट रानांतून चढत जाते. पण आगगाडीचाच चढ तो, चढ आहे हें बॅटरीच्या आंकड्यावरूनच कळावयाचें. कॉनेल्सव्हिल आणि रॉकवुड या गांवीं मुक्काम केले. तिसऱ्या दिवशीं २,३९२ फुटांवरचा जलविभाजक ओलांडला. येथून एका बाजूचें पाणी मेक्सिकोच्या आखाताकडे व दुसऱ्या बाजूचें अटलांटिक महासागराकडे जातें. पुढें ३,२९४ फूट लांबीचा बिग सॅव्हेज बोगदा, आणि त्यांतून बाहेर पडतांच खालीं पसरलेलें मेरीलंड. तेथून कंबरलंडपर्यंत वीसांहून अधिक मैल नुसता उतार! त्या रात्रीं बॅटरींत अर्ध्याहून अधिक वीज शिल्लक होती, आणि तिच्यापेक्षां अधिक गर्व आमच्या अंगीं भरला होता.

चौथ्या दिवशीं हॅनकॉकपर्यंत साठ मैल जावयाचें होतें. रात्रीं पाऊस पडून गेलेला. कालव्याची वाट मातीची. चाकें चिखलांत रुतूं लागलीं, तसतसें आम्ही मोटारीचें साहाय्य वाढवीत गेलों. वर्गांत काळ-काम-वेगाचीं उदाहरणें घालण्यांत ज्यानें जन्म घालविला, त्यानें बॅटरीचा हिशेब करूं नये! पॉ-पॉ बोगद्याशीं पोंचेपर्यंत पांचवा हिस्सा वीज उरली होती. हा बोगदा ३,११८ फूट लांब. दोन वर्षांत व्हावयाचा तो चौदा वर्षें खणला व बांधला गेला. आंत दिवा नाहीं, अरुंद वाट, लांकडी कठडा, बाजूला काळें पाणी, आणि छपरांतून ठिबकणाऱ्या थेंबांचा आवाज. आम्ही उतरून विजेरीच्या उजेडांत सायकल हातीं धरून चाललों. पलीकडे निघून तीन मैल जातों न जातों तों बॅटरी संपली.

वीज संपलेली विजेची सायकल साध्या सायकलीहून फार वाईट, हें सांगावयास नकोच. कांहीं अंतर चालवावी, कांहीं ढकलावी. गुडघ्यानें आपली साक्ष पुनः सुरू केली. त्या भागांत फोनला संदेश पोंचत नाहीं. सात वाजले, आठ वाजले. रानांतील अंधार नदीवरून वर येऊं लागला, तेव्हां लिटल ऑर्लिन्सचीं चार घरें दिसलीं. एका घराच्या ओसरीवर आमच्याच वयाचे गृहस्थ बसले होते.

आमचे वडील वार लावून शिकले. ते सांगत कीं, जेवण मिळतें, पण दारांत उभें राहून पहिला शब्द उच्चारणें हें त्या जेवणाचें मोल. तें आम्हांस त्या दिवशीं समजलें. भिंतींतील विजेची एक जागा आणि टेलिफोन, एवढें आम्हीं मागितलें. गृहस्थ उठले, आणि कांहीं न विचारतां त्यांनीं दार उघडलें.

फोन कुटुंबानेंच घेतला. आमचा आवाज ऐकून ती क्षणभर बोलली नाहीं. मग, “जेवलात का?” एवढेंच विचारलें. मागून चिरंजीवांचा आवाज येत होता. ते मोटारीची किल्ली घेऊन निघालेच होते. आम्हांस वाटलें, प्रवास येथें संपला, आणि संपावा हेंच न्याय्य. तोंच तिचा आवाज ऐकूं आला, तो आमच्याशीं नव्हे : “तूं जाऊं नकोस. निघालेत, तर पुरें करूं दे त्यांना.”

बॅटरी भरावयास चार तास लागले. अर्ध्या युनिटाचे पैसे गृहस्थ घेईनात, म्हणून गूळपापडी पुढें केली. त्यांनीं ती हुंगून पाहिली, औषध आहे काय असें विचारलें, आणि खाल्ली. रात्रीं आम्ही त्यांच्याच ओसरीलगतच्या खोलींत निजलों.

पुढील हकीकत थोडक्यांत. हॅनकॉकला गुडघ्यास विश्रांति दिली. हार्पर्स फेरी येथें शेनँडोआ व पोटोमॅक यांचा संगम पाहिला. सपाट कोरड्या वाटेवर मोटार बंद ठेवण्याची संवय लावून घेतली, आणि फोन सातांऐवजीं साडेसहालाच करूं लागलों. आठव्या दिवशीं दुपारीं वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागांत, कालव्याच्या शून्य मैलाच्या खुणेपाशीं, घरचीं सर्व माणसें उभीं होतीं. कुटुंबानें सायकलीचें पुढचें टोंक दोन्ही हातांनीं उचलून पाहिलें. “ही ढकललीत?” असें म्हणून तिनें सामानाची पिशवी उघडली. गूळपापडीचा डबा रिकामा कसा, असें तिनें विचारलें, तेव्हां निम्म्याहून अधिक लिटल ऑर्लिन्सला दिली असें आम्हीं सांगितलें. “थोडी दिलीत,” ती म्हणाली.