नदीची वाट आणि सायकल

वाचकहो, मांजरसुंब्याच्या चौकात घटकाभर उभे राहून बघा. उत्तरेला घाट उतरून बीड, दक्षिणेला चौसाळ्यावरून सोलापूर, पश्चिमेला पाटोदा आणि पूर्वेला नेकनूर, केज. धुळे-सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 52 इथूनच जातो. उसाचे ट्रॅक्टर, मालमोटारी, एस. टी., जीपगाड्या, सगळ्यांना घाई. अशा रस्त्याच्या कडेला शाळेची एखादी मुलगी सायकल हाती धरून उभी असते आणि वाहनांची रांग केव्हा तुटते याची वाट पाहते.

या मुलीला मोटारींपासून वेगळी, निवांत वाट मिळेल काय? तुम्ही म्हणाल, नवा रस्ता म्हणजे लाखोंचा खर्च, तो कोण करणार? प्रश्न रास्त आहे. पण पुष्कळदा ती वाट आधीपासूनच आपल्या शिवारात असते. ती शोधायची कशी, हे आज आपण पाहू.

पहिली गोष्ट चढाची. सायकलस्वार, त्याची सायकल आणि दप्तर मिळून 75 किलो वजन धरा. सपाट, पक्क्या रस्त्यावर बेताने चालवताना त्याला किलो-सव्वा किलोच्या ओढीइतका अडथळा होतो. आता शंभर मीटरला पाच मीटर चढ असला, तर त्यात आणखी पावणेचार किलोची ओढ मिळते. म्हणजे एकंदर जोर चौपट लागला! चढावर मुले खाली उतरून सायकल ढकलतात ती आळसाने नव्हे, बरं का. हा हिशेबच त्यांना उतरायला लावतो.

मग सौम्य चढाची वाट आखून कोणी दिली आहे? ती नदीने दिली आहे. पाणी नेहमी उताराने जाते आणि हजारो वर्षे डोंगर झिजवून आपला उतार हळूहळू सौम्य करत आणते. आपली मांजरा नदीच घ्या. पाटोदे तालुक्यात गवळवाडीजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे 823 मीटर उंचीवर तिचा उगम. तिथून सुमारे 724 किलोमीटर वाहत जाऊन ती तेलंगणात कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. एवढ्या सगळ्या प्रवासात ती उतरते सुमारे 500 मीटर. म्हणजे सरासरीने किलोमीटरला एक मीटरसुद्धा नाही! उगमाजवळ उतार जास्त आणि पुढे कमी, हे खरे. पण खोऱ्यातून जाणारी वाट डोंगरावरच्या वाटेपेक्षा सोपी का, ते यावरून ध्यानात येईल.

बालाघाटाच्या याच डोंगरांत बिंदुसरा उगम पावते. ती मात्र बीडकडे वळते, सिंदफणेला मिळते आणि सिंदफणेबरोबर गोदावरीला जाते. दोघी बहिणी एकाच डोंगरातून निघाल्या, निरनिराळ्या वाटांनी गेल्या आणि शेवटी एकाच घरी पोचल्या. उताराचा हा गुण आपल्या पूर्वजांनीही ओळखला होता. बीडच्या दक्षिणेला सोळाव्या शतकातली खजाना बावडी आहे. तिचे पाणी जमिनीखालच्या कालव्यातून, ना मोट ना पंप, केवळ उताराच्या बळावर शेतात जाई. पाण्याला जो उतार चालतो, तो सायकललाही मानवतो.

दूरदेशीचे उदाहरण बघा. युरोपात डॅन्यूब नदीत पूर्वी प्रवाहाविरुद्ध नावा ओढायला घोडे जुंपीत आणि त्यांच्यासाठी काठाने वाट राखीत. आगबोटी आल्या आणि घोडे गेले, पण वाट उरली. आज जर्मनीतल्या पासाऊ गावापासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत तीनशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा सायकलमार्ग नदीकाठाने जातो. त्याचा बराच भाग त्या जुन्या घोडवाटेवरच आहे. काही टप्प्यांत काठावरच्या शेतकऱ्यांची वाहनेही येतात, पण लांबून धावत येणारी मोटार तिथे शिरत नाही.

नेदरलँड्स हा सायकलींचा देश खरा, पण तोही सुखासुखी तसा झाला नाही. 1971 साली तिथे सुमारे 3300 माणसे रस्त्यांवर मेली आणि त्यांत चारशेंहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर आले, मुलांचे बळी थांबवा म्हणाले, आणि त्या दशकात मोठ्या वाहनांपासून सायकलींना वेगळे काढण्याची चळवळ उभी राहिली. वेगळी वाट हा शौक नाही, तो जिवाचा प्रश्न आहे, हे त्यांना असे किंमत मोजून उमगले.

आपल्या देशात बिहार सरकारने 2006 साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा दिसले की, माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुलींमधली तफावत 40 टक्क्यांनी घटली. जिथे शाळा लांब, तिथे लाभ जास्त. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. आपल्या भागात दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला जातात आणि कैक मुले आजी-आजोबांजवळ राहतात. त्यांना शाळेत सोडायला घरात कोणी नसते. सायकल दारात आली तरी जायची वाट महामार्गाचीच असेल, तर आजी नातीला पाठवील कशी?

आता शोध कसा घ्यावा, ते सांगतो. शिक्षकमित्रांनो, हे काम तुमच्या वर्गाला भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्राचा एक उत्तम पाठ होईल.

प्रथम गावचा नकाशा मिळवा. त्यावर दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग आणि एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग. गाडीमार्गाची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरतात. शाळेच्या दिशेने, नदीला किंवा ओढ्याला धरून जाणारी अशी रेषा शोधा. मग वर्गासह ती वाट चालून पाहा. कुठे बांध फोडून वाट पिकाखाली गेलेली असेल, कुठे वेड्या बाभळी माजल्या असतील.

दुसरे, चढ मोजा. गवंडी वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी आणि दोन सरळ काठ्या पुरेत. दहा मीटर अंतरावर काठ्या रोवा आणि दोन्हींकडची पाण्याची पातळी खुणा करून घ्या. जमिनीपासून खुणांच्या उंचीत 20 सेंटिमीटर फरक असला, तर चढ शंभराला दोन. मुले मजेने चालवतील. फरक 50 सेंटिमीटर असला, तर चढ शंभराला पाच. तो लांबवर असेल तर वळसा घ्या.

तिसरे, वाहने मोजा. सकाळी शाळेच्या वेळी एक तास मोठ्या रस्त्यावर आणि एक तास या वाटेवर. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. ग्रामसभेत तासभराच्या भाषणापेक्षा ते जास्त बोलतील.

वाट अडली असेल तर भांडू नका, कायदा आहे. वहिवाटीचा अडथळा दूर करण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 ने तहसीलदारांना आहे. शेतात जायला वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागता येते. पाणंद पक्की करण्यासाठी 2021 साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना सुरू झाली. मात्र पाणंदीवर शेतकऱ्याच्या बैलगाडीचा आणि ट्रॅक्टरचा हक्क पहिला. तो मोडून सायकलीची वाट होणार नाही आणि करूही नये. गड्याची गाडी जावी, पण महामार्ग चुकवून धावणारी मोटार तिथे येऊ नये, एवढेच गावाने ठरवायचे.

वाटेला डांबर हवेच असे नाही. पण काळी माती पावसात चाकाला आणि मडगार्डला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून मुरूम टाकून दाबावा, मध्ये थोडा उंचवटा ठेवावा आणि कडेला पाण्याला चर काढावा. बाभळी छाटल्यावर काटे वेचून जाळा, नाहीतर रोज पंक्चर.

आणि नदीची वाट म्हटली की नदीचा धाकही आला. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर ते घोटाभर दिसले तरी सायकल घालू नये. पावसाळ्यातल्या अशा दिवसांसाठी दुसरी वाट आधीच ठरवून मुलांना सांगून ठेवावी. घाट उतरताना वेग दुप्पट झाला, तर थांबायला अंतर सुमारे चौपट लागते. तेव्हा दोन्ही ब्रेक तपासा आणि मागे लाल चकाकती पट्टी लावा.

मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला गावोगावच्या दिंड्या पायी येतात. सायकलीला जी वाट निवांत, ती दिंडीलाही निवांत आणि शेतावर भाकरी घेऊन जाणाऱ्या बाईलाही निवांत.

तेव्हा येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर गावचा नकाशा, पाण्याची नळी आणि वर्गातली दहा मुले घेऊन निघा. जिला रोज महामार्ग ओलांडावा लागतो, त्या मुलीला पुढे चालू द्या. कुठली वाट हवी, हे तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.