पुरानंतरचे विस्मरण

गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहतात. पाणी मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून पुराचा अंदाज बांधला जातो. १९६९, २००८ आणि २०१६ चे पूर शहराच्या असेच स्मरणात आहेत. परंतु ज्या मुलांच्या घरात पाणी शिरले, त्यांच्या मनावरील आघात मोजणार कोण?

तीव्र भीतीच्या क्षणी स्मृतीचा तोल ढळतो, असे मानसशास्त्र सांगते. पाण्याचा लोंढा, चिखलाचा वास, अंधारातील आरडाओरडा मनावर कोरला जातो. घटनांचा क्रम मात्र विस्कळीत होतो. पुढे नुसते आभाळ भरून आले तरी ते सारे उसळून वर येते. झोप उडते, वर्गात चित्त ठरत नाही; आणि जे चित्तात शिरलेच नाही, ते स्मरणात राहावे कसे? काल मुखोद्गत असलेला पाढा आज अडखळतो, तो आळसामुळे नव्हे.

अशा मुलाला शिक्षा करणे म्हणजे पूरग्रस्तालाच दंड ठोठावणे होय. घर, शाळा आणि सवंगडी पूर्ववत लाभले की बहुतेक मुले सावरतात. महिना उलटूनही जी सावरत नाहीत, त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणे अगत्याचे आहे. पंचनाम्यात पडलेल्या भिंतींची नोंद होते. या विस्मरणाची नोंद शिक्षकालाच घ्यावी लागेल.