नव्या घरातील छुपी गळती : फोडण्याआधी शोधा

नव्या घरात राहायला जाऊन चार-सहा महिने होतात न होतात तोच भिंतीचा खालचा भाग ओलसर दिसू लागतो, रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात. घरमालक मिस्त्रीला बोलावतो. मिस्त्री प्लंबरकडे बोट दाखवतो. प्लंबर म्हणतो, पाइप चांगला होता, गिलाव्यात दोष आहे. शेवटी छन्नी-हातोडा घेऊन टाइल्स फोडल्या जातात आणि पुष्कळदा गळती भलत्याच ठिकाणी निघते. हा खर्च टाळायचा असेल तर आधी शोध आणि मग तोडफोड, हा क्रम पाळला पाहिजे.

प्रत्येक ओल म्हणजे पाइपची गळती नव्हे. नव्या बांधकामात सिमेंटचे पाणी मुरलेले असते व ते सुकायला काही महिने लागतात. अशी ओल हळूहळू कमी होत जाते. पावसाळ्यातच दिसणारी ओल बहुधा बाहेरील भिंतीच्या भेगांतून किंवा गच्चीवरून येते. अंघोळ, धुणे झाल्यावर वाढणारी ओल सांडपाण्याच्या पाइपची किंवा बाथरूमच्या फरशीची असते. आणि जी ओल बारा महिने, रात्रंदिवस कायम राहते व पसरत जाते, ती बहुतेक वेळा नळाच्या लाइनची असते. कारण त्या लाइनमध्ये पाणी सतत दाबाखाली असते.

पहिली चाचणी टाकीची. आपल्याकडे पुष्कळ घरांच्या नळाला मीटर नसतो, पण गच्चीवर टाकी असतेच. रात्री टाकी भरून मोटार व टाकीत येणारे पाणी बंद करावे, घरातील सर्व नळ बंद करावेत आणि पाण्याच्या पातळीवर खूण करावी. सकाळी पाणी वापरण्यापूर्वी खूण पाहावी. साडेतीन फूट व्यासाच्या टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरली तर सुमारे ९ लिटर पाणी गेले असे समजावे. दुसऱ्या रात्री टाकीच्या तोंडाचा वॉल बंद ठेवून हीच चाचणी करावी. तरीही पातळी उतरली तर दोष टाकीतच आहे. उतरली नाही तर दोष लाइनमध्ये आहे. मग बाथरूम, संडास, स्वयंपाकघर यांचे वॉल एकेक करून बंद ठेवत गेले की कोणत्या शाखेत गळती आहे ते कळते.

भिंत फोडण्याआधी संडासची फ्लश टाकीही तपासावी. तिच्यात थोडी नीळ टाकून अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात निळे पाणी उतरले तर गळती भिंतीत नाही, फ्लशच्या वॉशरमध्ये आहे, आणि ते काम थोडक्यात होते.

सांडपाण्यासाठी दुसरी चाचणी. बाथरूमच्या जाळीचे तोंड घट्ट बंद करून फरशीवर दोन इंच पाणी एक दिवस साठवावे. खालच्या छताला किंवा शेजारच्या भिंतीला ओल आली तर दोष फरशीच्या वॉटरप्रूफिंगचा आहे. ओल आली नाही, पण जाळी उघडून पाणी सोडल्यावर आली, तर दोष सांडपाण्याच्या पाइपचा आहे.

जागा सापडली की लाइन रिकामी करून खराब तुकडा कापून काढावा, टोके कोरडी व स्वच्छ करावीत आणि नवा जोड बसवावा. सीपीव्हीसी पाइपचे सॉल्व्हंट ओल्या पाइपवर नीट धरत नाही. दाबाच्या लाइनवर वरून एम-सील थापणे हा इलाज नव्हे. जोड वाळल्यावर पाणी सोडून किमान एक दिवस भिंत उघडीच ठेवावी, मगच गिलावा करावा. गळती न काढता वरून वॉटरप्रूफ रंग मारणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे.

हिंगोली जिल्ह्यात या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे अधिक महागात पडते. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ या तालुक्यांत पुष्कळ ठिकाणी काळी जमीन आहे. ही माती पाण्याने फुगते व सुकल्यावर आकसते. पायाजवळ पाइप गळत राहिला तर एका बाजूची माती फुगते, दुसरी कोरडी राहते आणि भिंतीला तिरप्या भेगा पडतात. म्हणून जमिनीतील पाइप थेट काळ्या मातीत न टाकता वाळूच्या थरावर टाकावा आणि पाया किंवा भिंतीतून जाताना त्याला मोठ्या पाइपचे कवच द्यावे, म्हणजे भिंत हलली तरी जोडावर ताण येत नाही. २१ मार्च २०२४ व १० जुलै २०२४ रोजी जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले होते. असा धक्का बसल्यावर टाकीची चाचणी पुन्हा एकदा करणे शहाणपणाचे. शिवाय नळाला रोज पाणी येत नसेल तर रिकाम्या, फुटक्या लाइनमध्ये बाहेरचे घाण पाणी शिरते. तेव्हा हा प्रश्न आरोग्याचाही आहे.

ज्यांचे बांधकाम चालू आहे त्यांनी गिलाव्यापूर्वी लाइन पाण्याने भरून हातपंपाने दाब द्यावा व काट्यावर लक्ष ठेवावे. कंपनीने सांगितलेल्या दाबावर तासभर काटा खाली आला नाही तरच भिंत बुजवू द्यावी. त्याआधी प्रत्येक भिंतीचे टेपने माप घेऊन मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. पुढे गिझर किंवा कपाटासाठी ड्रिल मारताना पाइप फुटण्याची भीती राहत नाही. नळासाठीच्या सीपीव्हीसी पाइपवर आयएस १५७७८ आणि सांडपाण्याच्या पाइपवर आयएस १३५९२ ही मानके छापलेली आहेत का, हे दुकानातच पाहून घ्यावे.

कामाचा करार लेखी करावा आणि मजुरीचा शेवटचा हप्ता चाचणीनंतरच देण्याचे आधीच ठरवावे. फ्लॅट बिल्डरकडून घेतला असेल व प्रकल्पाला रेरा कायदा लागू असेल, तर ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांपर्यंत कामातील दोष बिल्डरने कळवल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. ठेकेदाराकडून घर बांधून घेतले असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मात्र फोटो, पावत्या व लेखी नोटीस हाताशी हवी.

आपले जे तरुण या धंद्यात आहेत त्यांनीही हे ध्यानात घ्यावे. दाबाची चाचणी घरमालकासमोर करून दाखवणारा आणि कामाची लेखी हमी देणारा प्लंबर दोन पैसे जास्त मागू शकतो व त्याला पुढचे काम शोधावे लागत नाही. भिंतीआड झाकलेले काम कोणी पाहत नाही, पण पाणी ते उघडे पाडल्याशिवाय राहत नाही.