आले, गाजले, गेले (लेखांक 6) : भाड्याची माती

गेल्या आठवड्यात आपण मेक्सिकोतल्या बाहाच्या वाळवंटात होतो. 1967 साली विक विल्सन आणि टेड मँगल्स एका उघड्या बग्गीतून तिहुआनाहून निघाले आणि 27 तास 38 मिनिटांनी ला पाझला पोचले, ती पहिली शर्यत. त्या अख्ख्या वाटेवर त्यांना बघायला होतं कोण? निवडुंग आणि एखाद्या वस्तीवरची पोरं. चालवणाऱ्याला तेवढं पुरेसं होतं. शर्यत भरवणाऱ्याची मात्र पंचाईत होती. वाळवंटाला दार नसतं, मग तिकीट फाडायचं कुठे?

या वाळवंटाला दार बसवणारा माणूस म्हणजे मिकी थॉम्प्सन. कॅलिफोर्नियाचा, जन्म 1928 चा. तरुणपणी पोटासाठी तो लॉस एंजेलिस टाइम्सच्या छापखान्यात काम करायचा आणि उरलेल्या वेळात गाड्या बांधायचा. 9 सप्टेंबर 1960 ला बॉनव्हिलच्या मिठागरावर त्याने पाँटिअॅकची चार इंजिनं बसवलेली ‘चॅलेंजर’ ताशी 406.60 मैल, म्हणजे साधारण 654 किलोमीटर वेगाने पळवली. ताशी चारशे मैल ओलांडणारा तो पहिला अमेरिकन. पण विक्रमाच्या वहीत नाव लागायला तेवढ्याच वाटेवरून उलटही यावं लागतं, आणि परतीच्या फेरीत गाडीने दगा दिला. विक्रम हुकला तो हुकलाच. मला हा प्रसंग त्याच्या सगळ्या आयुष्याची चुणूक वाटतो: जाताना डोळे दिपवायचे आणि परतताना काहीतरी तुटायचं.

1973 मध्ये त्याने वाळवंटी शर्यतींसाठी ‘स्कोर इंटरनॅशनल’ ही संस्था काढली. बाहाची शर्यत तिच्याच छत्राखाली आली. पुढे 1979 मध्ये त्याने उलटा विचार केला. लोक वाळवंटात येत नाहीत ना, मग वाळवंटच लोकांकडे न्यायचं. आणि नेलं तेही थेट लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये, जिथे 1932 चं ऑलिम्पिक झालं होतं.

ही कल्पना अगदी नवी होती असं नाही. त्याच कोलिझियममध्ये 1972 च्या जुलैत मायकेल गुडविन नावाच्या आयोजकाने माती घालून मोटारसायकलींची शर्यत भरवली होती आणि 16 वर्षांच्या मार्टी ट्राइप्सने ती जिंकली होती. आज ज्याला सुपरक्रॉस म्हणतात ते तिथून सुरू झालं. 2024 च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, ती ज्यांनी पाहिली त्यांना मातीचे उंचवटे आणि हवेत लटकलेली बाईक हा प्रकार ठाऊक असेल. थॉम्प्सनने त्याच मातीवर चारचाकी गाड्या उतरवल्या. गुडविनचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

आता ही माती स्टेडियममध्ये येते कशी ते बघू, कारण सगळा खेळ तिचाच आहे. आधी हिरवळ झाकायची. तिच्यावर प्लास्टिक, त्यावर प्लायवूडचे तक्ते, आणि मग शेकडो डंपर माती. कुठलीही माती चालत नाही. नुसती वाळू असेल तर उडी मारायचा उंचवटा पहिल्या दोन फेऱ्यांत ढासळतो. नुसती चिकणमाती असेल तर पाणी मारल्यावर घसरगुंडी होते आणि वाळल्यावर सिमेंट. दोन्हींचा मेळ साधून, टँकरने पाणी मारून, यंत्राने दाबून, मग उंचवटे घडवायचे. हे सगळं होईतो आठवड्याचा शेवट येतो. शनिवारी रात्री शर्यत आणि रविवारपासून हीच माती पुन्हा डंपरमध्ये, कारण पुढच्या सामन्यासाठी मैदानमालकाला त्याचं गवत परत हवं असतं. मोटारसायकल ही माती उकरते, पण तिचं वजन शंभर किलोच्या आगेमागे. टनापेक्षा जड गाडी तिथून शंभर वेळा गेली की चाकोऱ्या अशा पडतात की पुढच्याला वाट निवडायची मुभाच उरत नाही.

या शर्यतींच्या जुन्या चित्रफिती मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. कोलिझियमच्या पूर्व टोकाला कमानींची रांग आहे. गाड्या प्रेक्षकांमधून मातीचा चढ चढत त्या कमानींपर्यंत जातात, क्षणभर दिसेनाशा होतात आणि मग दुसऱ्या कमानीतून थेट खाली झेपावतात. खाली आपटताना पुढची चाकं बॉनेटमध्ये घुसतात की काय असं वाटतं. आपल्या गॅरेजवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर अख्खा शॉकअप बसतो, गाडी एकदा वर येते, पुन्हा बसते, आणि तेवढ्यात मागून आलेला तिच्या कुल्ल्यावर धडक देतो. मडगार्डचा तुकडा उडतो. कोणी थांबत नाही. दोन मिनिटांत तोच तुकडा सगळ्यांच्या चाकांखाली पिठासारखा झालेला असतो.

तुकडा एवढ्या सहज उडायचा कारण तो पत्र्याचा नव्हताच. या गाड्या दिसायला पिकअप. आपल्याकडे पिकअप म्हटलं की कांद्याच्या गोण्या किंवा लग्नाचं वऱ्हाड आठवतं. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात छोटे पिकअप ही तरुणांची हौस होती आणि टोयोटा, निसान, माझदा या जपानी कंपन्यांची त्या बाजारात फोर्ड-शेव्हरलेशी झुंज चालली होती. स्टेडियमवर पळणाऱ्या पिकअपच्या आत मात्र लोखंडी नळ्यांचा सांगाडा, शर्यतीचं इंजिन आणि हातभर लवचीक सस्पेन्शन. वरून फायबरग्लासचं कवच आणि त्यावर टोयोटाचं तोंड रंगवलेलं. म्हणजे सोंगच म्हणा. पण या सोंगाला कंपन्यांच्या जाहिरात खात्यांनी पैसा पुरवला आणि एकेकट्या शर्यतींची मालिका झाली. रोझ बाउल, अॅनाहाइम, सॅन दिएगो, सिअॅटलचं किंगडोम. सोबत फोक्सवॅगनच्या इंजिनाच्या बग्ग्या, चार चाकांच्या मोटारसायकली, असा पूर्ण रात्रीचा कार्यक्रम.

नायकही मिळाले. आयव्हन स्टुअर्ट टोयोटा चालवायचा. बाहासारख्या लांब शर्यती तो सहचालकाशिवाय एकट्याने काढायचा, म्हणून ‘आयर्नमॅन’. 1989 मध्ये त्याच्या नावाने व्हिडिओ गेम निघाला. एका यंत्राला तीन स्टिअरिंग आणि तिघांनी खांद्याला खांदा लावून खेळायचं. ज्यांनी ही शर्यत कधी पाहिली नाही अशा कितीतरी लोकांना ती त्या गेममधूनच ठाऊक आहे. शर्यतीपेक्षा तिचा खेळ जास्त जगला, हेही खरं.

1984 मध्ये थॉम्प्सन आणि गुडविन या दोन आयोजकांनी धंदा एकत्र केला. कागदावर झकास वाटणारी जोडी. काही महिन्यांतच फाटलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. गुडविनने थॉम्प्सनला पाच लाखांहून जास्त डॉलर द्यावेत, असा निकाल लागला. गुडविनने दिवाळखोरी पुकारली. 16 मार्च 1988 च्या भल्या सकाळी ब्रॅडबरीतल्या घरातून कामाला निघताना मिकी आणि त्याची बायको ट्रुडी यांना दोन मारेकऱ्यांनी अंगणात गोळ्या घातल्या आणि ते सायकलवरून पसार झाले. ते मारेकरी आजवर सापडले नाहीत. खून घडवून आणल्याबद्दल गुडविन 2007 मध्ये दोषी ठरला आणि त्याला आजन्म कारावास झाला. मधली एकोणीस वर्षं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि तो लेख खेळाच्या पानावर शोभणार नाही.

मालिका लगेच मेली नाही. मालकाच्या माघारी कंपनी चालू राहिली, शर्यती होत राहिल्या, जिमी जॉन्सनसारखा पोरगा तिथे शिकून गेला आणि पुढे नॅस्कार या अमेरिकेतल्या मोटारशर्यतींच्या मालिकेचा सात वेळा विजेता झाला. पण नव्वदच्या सुरुवातीला अमेरिकेत मंदी आली, गाड्या दरवर्षी महाग होत गेल्या आणि जाहिरात खाती हात आखडू लागली. दशकाच्या मध्यापर्यंत सगळं आवरलेलं होतं.

खुनामुळे मालिका संपली असं अनेकदा लिहिलं जातं. मला ते पटत नाही. मग शनिवारी आणून रविवारी परत न्यायच्या त्या भाड्याच्या मातीने मारली म्हणावं, तर सुपरक्रॉसही त्याच भाड्याच्या मातीवर त्याच स्टेडियममध्ये उभं होतं आणि ते आजही भरगच्च चालतं. फरक भाडं कोण भरतो यात आहे. 1986 पासून तिथे दुकानात मिळणाऱ्या बाईकवर आधारलेल्याच बाईक वापरायचा नियम आहे. शनिवारी स्टेडियममध्ये पाहिलेली बाईक पोरगा सोमवारी बापाकडे मागू शकतो. खेळणारे, विकत घेणारे आणि तिकीट काढणारे बरेचसे तेच. ट्रकच्या शर्यतीत मात्र रंगवलेलं तोंड सोडलं तर दुकानातल्या गाडीशी काही नातं नव्हतं. ती गाडी बांधणं सामान्य हौशी माणसाच्या ऐपतीबाहेरचं होतं. म्हणजे मातीचं भाडं शेवटी एका जाहिरात खात्याच्या वार्षिक तरतुदीतून जात होतं, आणि तरतुदीची रेघ एका बैठकीत मारता येते.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडचं. बैलगाडा शर्यतीवर 2014 ला सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा निकाल आला, 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. मधल्या सात वर्षांत शर्यतींचे घाट कुठे गेले नाहीत, कारण ते गावचे होते आणि त्यांचं भाडं कोणाला द्यायचं नव्हतं. अमेरिकेतही ओहायोत एल्डोराचा मातीचा ट्रॅक 1954 पासून तसाच आपल्या जागी आहे. भाड्याच्या मातीचा प्रयोग नॅस्कारनेही करून पाहिला. टेनेसीतल्या ब्रिस्टलच्या काँक्रीटवर 2,300 डंपर माती ओतून 2021 मध्ये शर्यत घेतली आणि 2023 नंतर काँक्रीट पुन्हा उघडं केलं.

थॉम्प्सनच्या शर्यतीत वाढलेला रॉबी गॉर्डन 2013 मध्ये तसेच ट्रक घेऊन परतला. एप्रिलमध्ये अॅरिझोनाच्या ग्लेनडेलमध्ये पहिली शर्यत झाली, स्टेडियममध्ये माती घालून. त्याच महिन्यात लाँग बीचच्या रस्त्यांवर दुसरी. तिथे माती नव्हती. गॉर्डनने डांबरावर अॅल्युमिनियमचे उतार मांडले आणि ट्रक त्यांवरून उडवले. पुढे त्याच्या बहुतेक शर्यती तशाच झाल्या. उडी तीच, आपटणं तेच. शर्यत संपली की उतार ट्रेलरवर चढवायचे आणि पुढच्या गावाला.

(पुढील आठवड्यात : लेखांक 7)