जुना स्विच, स्वस्त मॉड्यूल: जमते का नाही?

अमरावतीहून मी बोलतोय. ज्यांना वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय.

अकोल्याच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याच्या अभ्यासिकेच्या दोन इमारती फायबरने जोडल्यात. एसएफपी मॉड्यूल जळालं, म्हणून त्याने दुसऱ्या कंपनीचं स्वस्त मॉड्यूल लावलं. तर जुन्या सिस्को स्विचचं पोर्टच बंद! दुकानदार म्हणे, स्विचच बदला. परीक्षा तोंडावर, पोरं नेटविना बसलेली. "दादा, स्विच बदलाच लागते काय?"

बहुतेक वेळा नाही. कसं ते सांगतो.

एसएफपी म्हणजे विजेच्या सिग्नलचा प्रकाश करणारा छोटा डबा. त्याचा आकार आणि पिना अनेक कंपन्यांनी मिळून ठरवल्यात, म्हणून तो कुठेही बसतो. पण आत एक छोटी मेमरी चिप असते. तिच्यात कंपनीचं नाव, पार्ट नंबर, सिरीयल नंबर लिहिलेला असतो. मॉड्यूल लावलं की स्विच ते वाचतो. आपल्या कंपनीची ओळख पटली नाही, तर काही स्विच पोर्ट बंद करतात. म्हणजे डबा चांगला असतो, अडते ते ओळखपत्र.

सिस्कोच्या बऱ्याच मॉडेलमध्ये 'सर्व्हिस अनसपोर्टेड-ट्रान्सिव्हर' ही कमांड चालते. ती दिल्यावर मॉड्यूल काढून पुन्हा लावायचं. तरीही नाही जमलं, तर विक्रेत्याला स्विचचं पूर्ण मॉडेल सांगून त्यासाठी कोडिंग केलेलं मॉड्यूल मागा.

पण कमांडने सगळंच सुटत नाही बरं का. हे चार मुद्दे तपासा:

१. वेग: १ जीबीपीएसचं एसएफपी आणि १० जीबीपीएसचं एसएफपी-प्लस दिसायला सारखंच. जुन्या १ जीबीपीएस पोर्टात १० वालं चालणार नाही.

२. फायबर: ८५० नॅनोमीटरचं मॉड्यूल मल्टीमोडसाठी, १३१० चं सहसा सिंगलमोडसाठी. दोन्ही टोकांना जुळणारंच हवं.

३. एकाच धाग्यावर चालणारं बायडी असेल, तर जोडी उलटी लागते. एका टोकाला १३१० वर पाठवणारं, तर दुसऱ्या टोकाला १३१० वर ऐकणारं.

४. ऊन: साधं मॉड्यूल ० ते ७० अंशांसाठी असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या शेडमधल्या बंद डब्यात त्याहून जास्त. तिथे उणे ४० ते ८५ अंशांचं इंडस्ट्रियल मॉड्यूलच घ्या.

आणि एक. स्विचचा सपोर्ट करार चालू असेल, तर तक्रार केल्यावर कंपनी आधी मूळ मॉड्यूल लावून दाखवा म्हणू शकते. म्हणून एक मूळ मॉड्यूल कपाटात ठेवाच. बिघाड मॉड्यूलचा की स्विचचा, हेही त्यानेच कळते.

तर भाऊ, स्विच फेकू नको. आधी मॉडेल नंबरचा फोटो काढ, कमांड देऊन बघ, आणि परत घेण्याची हमी असेल तरच मॉड्यूल घे. जमलं का, ते नक्की कळव.