जागा पाहून झाड

कामगार संघटनेच्या माणसाने बागेवर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आमची शाळा लवकर सुटली. झाडांची विद्या आम्ही रोपवाटिकेतल्या माळ्यांना विचारून, वाचनालयातली पुस्तके चाळून आणि मुख्य म्हणजे चुका करून मिळवली. त्यातली पहिली चूक प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या फाटकाबाहेर आम्ही १ मे रोजी गुलमोहराची रोपे लावली. कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन एकत्र साजरा झाला, भाषणे झाली. तिथल्या एका वयस्क पहारेकऱ्याने त्याच वेळी विचारले होते, "अण्णा, ह्यो मुरूम हाय. हितं पाणी ठरतंय व्हय? आणि मे म्हैन्यात कोण रोप लावतंय?" आम्ही हसण्यावारी नेले. जून उजाडण्यापूर्वीच सारी रोपे वाळली. मग आम्हीच म्हणू लागलो, रोपे नाजूक होती. कामगाराला न शिकवता अनोळखी यंत्रावर उभे करायचे आणि बिघाड झाला की त्यालाच नालायक ठरवायचे, या रीतीविरुद्ध आम्ही आयुष्यभर भांडलो. रोपांच्या बाबतीत आम्ही तेच केले होते.

तेव्हा कणखर झाड कोणते, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या जागेला कणखर, असे विचारले पाहिजे. त्यासाठी आधी जागेची परीक्षा करावी. हातभर खोल खड्डा काढून पाण्याने भरावा. ते जिरले की पुन्हा भरावा. दुसरे पाणी दोन-चार तासांत नाहीसे झाले तर जमीन निचऱ्याची. दुसऱ्या दिवशी सकाळीही दिसले तर पाणथळ. शिवाय ऊन किती तास पडते आणि डोक्यावरून विजेच्या तारा जातात काय, हेही पाहावे.

गडमुडशिंगीहून उजळाईवाडीच्या विमानतळाकडे निघालो की माळाची मुरमाड जमीन लागते. अशा ठिकाणी कडुनिंब, बहावा, पळस, आपटा, बोर ही झाडे एकदा रुजली की थोड्या पाण्यावर तग धरतात. झुडपांत निर्गुडी, कोरांटी आणि बोगनवेल घ्यावी. कण्हेरही टिकते, परंतु तिचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुले व गुरे असतील तेथे ती लावू नये.

पंचगंगेच्या काठची काळी, खोल जमीन याच्या अगदी उलट. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पुराचे पाणी किती काळ तुंबून राहते, ते आपण पाहिले आहे. साचलेल्या पाण्यात कडुनिंबाची आणि चाफ्याची मुळे कुजतात. तेथे अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर किंवा आपले राज्यपुष्प असलेले ताम्हण लावावे. ही ओढ्या-नदीकाठची झाडे. ओल त्यांच्या सवयीची आहे. सांडपाण्याच्या जागी कर्दळ आणि वेखंड चांगले वाढतात.

चाळीतल्या बोळात किंवा घराच्या मागच्या अंगाला ऊन कमी. तेथे तुळस खुरटते आणि घरच्या बाईच्या हातालाच दोष दिला जातो. अशा सावलीत अडुळसा, नागवेल, नेचे आणि ओल असेल तर अळू लावावे. तुळशीला उन्हाचा कोपरा ठेवावा. विजेच्या तारांखाली तगर, कुंती, पारिजातक किंवा कढीपत्ता बरा. तेथे वड-पिंपळ लावले की पुढे त्यांच्यावर कुऱ्हाड ठरलेलीच.

जागेइतकीच आपली गरजही पाहावी. बहावा फुलतो तेव्हा डोळ्यांचे पारणे फिटते. पण ऐन उन्हाळ्यात त्याला पाने जवळजवळ नसतात. गुलमोहर मादागास्करहून आलेला. त्याची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ, त्यामुळे वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. फाटकाबाहेर रोजंदारीसाठी ताटकळणाऱ्या माणसांना मे महिन्यात सावली हवी असते. त्यांच्यासाठी करंज किंवा कडुनिंब योग्य. दोघांनाही कडक उन्हाळ्यापूर्वीच नवी पालवी फुटते. पुढे त्याच फाटकाबाहेर आम्ही ही दोन झाडे लावली. आज त्यांच्या सावलीत डबे उघडतात आणि आमच्या सभाही भरतात.

मात्र कणखर म्हणजे दुर्लक्ष सोसणारे, असा अर्थ कोणी करू नये. नव्या कामगाराला उमेदवारीचा काळ असतो, तसा झाडालाही असतो. पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी द्यावे लागते. रोज तांब्याभर देण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा बादलीभर द्यावे, म्हणजे ओल खोल जाते आणि मुळेही तिच्यामागे खोल उतरतात. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे, आणि रोपाला काठीचा आधार व गुरांपासून कुंपण द्यावे.

ही व्याख्याने वसंतात होतात, हे सोयीचेच आहे. खड्डे आताच काढावेत. मुरमात ते दोन फूट लांब, रुंद व खोल असावेत. उन्हात तापू द्यावेत, मग माती व शेणखताने भरावेत. मृगाचा पाऊस नीट लागला म्हणजे रोप लावावे. समारंभाची तारीख पावसाच्या सोयीने ठरवावी, एवढीच आमची विनंती.